डॉलरचा पैरा

अंबाबाईची आण घेऊन सांगते, हवं तर हातावर पेटता कापूर ठेवा, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. बाळाबाईनं पायातली चप्पल काढली आणि टीव्हीवर फेकली. साधीसुधी चप्पल न्हवं, तिनं स्वतःच्या हातानं शिवलेली, दुहेरी तळव्याची. ती नेमकी बातम्या देणाऱ्या माणसाच्या गालावर बसली. टीव्हीची काच काय फुटली न्हाय, पण दुसऱ्या दिवशी तो माणूस गालाला पट्टी लावून बातम्या द्यायला आला. साऱ्या गल्लीनं बघितलंय.

"रुपया मजबूत झाला म्हणं," बाळाबाई म्हणाली. "मजबूत झाला असशील तर खासबागेत जाऊन कुस्ती खेळ की. माझ्या उरावर का बसतोयस?"

ही दोन हजार सातची दिवाळी. वर्षामागं एका डॉलरला चव्वेचाळीस रुपये यायचे, ते एकोणचाळीसवर आलते. आता चप्पल शिवणाऱ्या बाईला डॉलरचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. तर सुभाषनगरच्या अंगाला तिची पत्र्याची शेड होती. बारा बायका तिथं मांडी घालून चामड्याच्या वेण्या वळायच्या, आणि वर्षाला दोन हजार जोड अमेरिकेतल्या एका दुकानदाराला जायचे. जोडाला पाच डॉलर. चामडं रुपयात, दोरा रुपयात, बायकांची मजुरी रुपयात. तिकडनं निघालेले पाच डॉलर कोल्हापूरला येईस्तोवर उन्हात ठेवलेल्या भाजीगत वाळून जायचे. त्या दिवाळीला तिनं बायकांना बोनस दिला तो गळ्यातली माळ गहाण टाकून.

आणि भिंतीच्या पलीकडं त्याच बातमीवर अरुणा जिलबी वाटत होती.

अरुणाची पोरगी आदिती अमेरिकेत शिकायला जायचं म्हणत होती. कॉलेज फी मागणार डॉलरात, आणि हिच्याकडं येणार कोडोलीच्या उसाचे रुपये. डॉलर एक रुपयानं उतरला की अरुणाच्या कपाळावरची एक आठी जायची. तिनं जिलबीची ताटली भिंतीवरनं पुढं केली.

"घ्या आक्का. डॉलर उतरला."

बाळाबाईनं ताटलीकडं बघितलं, मग अरुणाकडं.

"माझ्या तेराव्याला पण जिलबीच कर गं," ती म्हणाली आणि आत गेली.

अरुणाचा नवरा बापूसो, हायस्कूलला गणिताचे सर. कुणी विचारलं न्हाय तरी शिकवायचे. ते भिंतीशी येऊन उभे राहिले.

"बाळाबाई, रुपया वधारला की देशाला तेल स्वस्त पडतं. बाहेरनं मशिनी आणणाऱ्याचं फावतं. पण बाहेर माल विकणाऱ्याला मार बसतो. रुपया पडला की सगळं उलटं. दर कुठलाबी असू दे, कुणीतरी रडणारच."

"सर, मग औंदा माझाच नंबर का लागला तेवढं सांगा," आतनं आवाज आला.

"परदेशातले लोक डॉलरची पोती घेऊन आपल्या शेअरबाजारात आलेत. बाजारात टोमॅटो उदंड आल्यावर काय होतं?"

"रस्त्यावर वततात."

"तसं झालंय."

"मग वता की दोन पाट्या आमच्या दारात."

सर हसले, पण बायका हसल्या न्हाईत. पंधरा वर्षं त्या भिंतीवरनं आमटीच्या वाट्या फिरलेल्या. त्या थांबल्या. एकीच्या घरात डॉलर चढला की दुसरीच्या घरात कुकर आपटायचा. मांजर दूध कुणाकडं प्यायचं ते त्या दिवशीचा भाव बघून ठरवायचं, म्हणजे बघा.

असं चैत्रापर्यंत चाललं. आदितीचं कॉलेज ठरलं. जानेवारीत वर्ग सुरू होणार, त्याआधी दिवाळीच्या तोंडावर पहिली फी भरायची, दहा हजार डॉलर. बँकेनं चाळीसच्या भावानं हिशेब करून चार लाखांचं कर्ज मंजूर केलं, वर एक पै देणार न्हाय म्हणून सांगितलं. इकडं बाळाबाईला अमेरिकेचा नवा सौदा आला. तेच दोन हजार जोड, तेच पाच डॉलर. पावसाळ्यात चामडं वाळत न्हाय, म्हणून निम्मे पावसाआधी शिवायचे, निम्मे नंतर, आणि पैसे दिवाळीच्या तोंडावर. तिचेही दहा हजार डॉलर. आकडा कसा जुळला ते जोतिबाला ठावं.

बाळाबाईचं गणित साधं होतं. डॉलर चाळीस राहिला तर चामड्याचं देणं फिटतं, मजुरी निघते, हातात थोडं राहतं. छत्तीस झाला तर शेडला कुलूप, आणि बारा बायका दुसऱ्याच्या दारात. पेपरात रोज लिहून यायचं, छत्तीस होणार. अरुणाच्या घरच्या पेपरात मात्र कुणी पंचेचाळीस होणार म्हणून लिहायचं, आणि तिची झोप त्यानं जायची.

म्हणून यात्रेच्या आधीच्या रविवारी बाळाबाई वडापच्या जीपमध्ये बसून जोतिबाच्या डोंगरावर गेली, नवस बोलायला. गर्दी एवढी की खोबऱ्याचे तुकडे वरनं पडायचे ते खाली येतच नव्हते, माणसांच्या डोक्यावरच राहायचे. गुलाल तर असा, की एका एसटीच्या कंडक्टरनं स्वतःच्या ड्रायव्हरला पावणा समजून तिकीट फाडून दिलं.

पुजाऱ्यानं नारळ हातात घेतला. "काय मागायचंय, मावशी?"

"डॉलर वर जाऊ दे," बाळाबाई म्हणाली.

पुजाऱ्यानं तिच्याकडं बघितलं. पण त्या दिवशी त्यानं पोरगा मागणारे, नोकरी मागणारे, मेव्हण्याचं वाटोळं मागणारे सगळे ऐकलते. त्यानं नारळ फोडला. बाळाबाई अंगारा घेऊन सरकली. तिच्या मागं पदरानं तोंड झाकलेली एक बाई.

"तुमचं काय?"

"डॉलर खाली येऊ दे."

बाळाबाई गर्रकन वळली. पदराच्या आत अरुणा. जैनाघरची असली तरी माहेर कोडोलीचं, परड्यात उभं राहिलं की जोतिबाचा डोंगर समोर दिसणारं. लहानपणापासनं अडलं-नडलं की तिचे हात तिकडंच जोडले जायचे. सरांना मात्र तिनं मार्केटला जाते म्हणून सांगितलतं.

पुजाऱ्यानं नारळ खाली ठेवला. "बायांनो, देव एक हाय आणि डॉलरबी एकच हाय. बाहेर जाऊन आधी तुमचं काय ते ठरवा, मग या."

दोघी बाहेर आल्या. पायऱ्यांवर बसल्या, मधी दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून. दोघींची तोंडं गुलालानं सारखीच झालती.

"किती लागतात तुला?" बाळाबाईनं विचारलं.

"दहा हजार डॉलर. दिवाळीला."

"मला तेवढेच यायचेत. दिवाळीलाच."

अरुणा खालच्या रानांकडं बघत होती. कुठंतरी नांगरट चाललीती. एकाच्या रानात दोघांच्या बैलजोड्या.

"आमच्यात पैरा करतात, आक्का," ती म्हणाली. "आज तुमचे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुमच्या रानात. कुणी कुणाला पैसे देत न्हाय. पाऊस कुणाकडं आधी पडंल ते काय कुणाच्या हातात नसतं, पण पेरणी दोघांची होते."

"मला बैल न्हाईत."

"डॉलर हायत की."

बाळाबाईनं तिच्याकडं बघितलं. अरुणानं पायरीवरच्या गुलालात बोटानं चाळीसचा आकडा काढला.

"चाळीस धरू. दिवाळीला डॉलर त्याच्या वर असला, तर तुमच्याकडं जास्तीचे पैसे येतील आणि मला कमी पडतील. तेवढे तुम्ही मला द्यायचे. खाली असला, तर माझे वाचतील आणि तुमची खोट होईल. तेवढे मी तुम्हाला देणार."

"म्हणजे डॉलर कुठंबी जाऊ दे, मला चाळीसच."

"आणि मलाबी चाळीसच."

बाळाबाईनं आकड्याकडं बघितलं. मग मधली दोन माणसांची जागा ओलांडून जवळ सरकली.

"ह्यात तुझा काय फायदा?"

"काय न्हाय. झोप लागंल."

दुसऱ्या दिवशी सोमवार. दोघी कोर्टासमोर गेल्या, जोतीराम स्टँपवाल्याकडं. शंभराचा कागद घेतला. जोतीरामनं टाइपरायटरात कागद घातला आणि चष्म्यावरनं बघत विचारलं, "गट नंबर?"

"डॉलरला गट नंबर नसतो," अरुणा म्हणाली.

"चतुःसीमा?"

"पश्चिमेला अमेरिका," बाळाबाई म्हणाली. "बाकीचं तू बघ."

त्यानं सगळं टाइप केलं. एका बाजूला बाळाबाईचा अंगठा, दुसऱ्या बाजूला अरुणाची सही, आणि साक्षीदार म्हणून समोरचा भडंगवाला, त्याला दोघींनी पाच-पाच रुपयांचं भडंग घेऊन पटवलं. कागदाची घडी बाळाबाईनं चामड्याच्या पाकिटात घातली.

त्या दिवसापासनं गल्लीत शांतता झाली. वाट्या परत फिरायला लागल्या. बाळाबाई टीव्हीपुढं बसायची ती मालिका बघायला. डॉलर बेचाळीस झाला, त्रेचाळीस झाला, सर भिंतीशी येऊन सांगायचे आणि बाळाबाई "व्हय का" म्हणून वेणी वळत राहायची. सरांना कळेना ही बाई हरखत का न्हाय. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी सूत्र मांडलं असतं, आणि सूत्र मांडलं की त्यांना त्यात चूक सापडायची.

गणपती गेले आणि तिकडं अमेरिकेत मोठमोठ्या बँका बुडाल्या. पोती घेऊन आलेले लोक घरला आग लागल्यागत पोती उचलून पळाले. डॉलर पंचेचाळीस, सत्तेचाळीस. दसऱ्यानंतर एकोणपन्नास.

अमेरिकेच्या दुकानदाराचा फोन आला. बाळाबाईचा पोरगा अतुल इंग्रजी बोलायचा. फोनवर हात ठेवून तो म्हणाला, "आई, तो म्हणतोय तुमचा रुपया पडलाय, तुम्हाला बसल्या जागी फायदा झालाय. जोडामागं अर्धा डॉलर कमी करा."

बाळाबाईनं दाभण खाली ठेवलं. "त्याला विचार, एकोणचाळीस झालता तवा तू अर्धा वाढवून दिलतास का? आणि सांग, तुझ्या गावात डॉलर किती का होईना, आमच्या घरात तो चाळीसच हाय."

अतुलनं जसंच्या तसं सांगितलं. पलीकडनं कागद उलगडल्याचा आवाज आला. म्हणं तो नकाशा काढून बघत होता, डॉलर चाळीसला मिळतो ते गाव कुठलं. आठवड्यात पुरे दहा हजार जमा झाले. रुपयात चार लाख नव्वद हजार.

बँकेतनं आल्यावर अतुल शेडमध्ये उभा राहिला आणि वर बघायला लागला. पत्र्याला चार ठिकाणी भोकं होती, पावसाळ्यात बायका डोक्यावर घमेलं घेऊन वेण्या वळायच्या.

"नव्वद हजार वर आलेत, आई. नवा पत्रा होतोय. माळ सुटत्या का बघू."

"ते अरुणाचे हायत."

"काकी काय कोर्टात जाणार हाय? आणि एक सांग. डॉलर छत्तीस झाला असता तर तिनं दिलं असतं तुला?"

बाळाबाई चामड्याचा तुकडा कापत होती. तिनं तो कापला, मग त्याचे परत दोन केले, मग चार. कशालाच उपयोग न्हाय असे तुकडे झाले तेव्हा ती थांबली. सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं.

इकडं भिंतीपलीकडं सरांनी कॅलेंडरच्या पाठीमागं भागाकार मांडलता. नव्वद हजार कमी. शुक्रवारी फी भरायची शेवटची तारीख. उसाची बिलं यायला अजून दोन महिने. बँकेच्या साहेबानं हात जोडले.

"पुढच्या वर्षी बघू," सर आदितीला म्हणाले. "जागा राखून ठेवतात का विचार त्यांना."

"न्हाईत ठेवत," आदिती म्हणाली. तिनं कॉटखालची नवी बॅग ओढली, तिच्यातला स्वेटर काढून कपाटात ठेवला आणि बॅग माळ्यावर चढवली. रडली न्हाय. ती रडली असती तर अरुणाला बरं वाटलं असतं.

अरुणा मंगळवारी आमटीची वाटी घेऊन शेजारी गेली. कुलूप. बुधवारी गेली. कुलूप. शेडमध्ये अतुल होता.

"आई कबनूरला गेलीया, शालनमावशीकडं."

"कधी येणार?"

"काय बोलली न्हाय." तो मोबाइलकडं बघत होता, आणि मोबाइल बंद होता.

अरुणा वाटी घेऊन परत आली. आमटी तिनं गॅसवर ठेवून परत गरम केली, कुणी जेवायचं राहिलं नव्हतं तरी.

बेस्तरवारी सकाळी तिनं तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक रुमालाची पुरचुंडी काढली. आत आईच्या चार पाटल्या, आठ तोळ्यांच्या. वर तांदळाचं पीठ बसलतं, ते तिनं पदरानं पुसलं. साडी बदलली. गुजरीत सोनाराकडं जायला निघाली आणि दार उघडलं, तर दारात बाळाबाई उभी. केसांवर कबनूरच्या यंत्रमागाचा पांढरा कापूस, हातात पिशवी.



"पळून गेलते," बाळाबाई म्हणाली. "खोटं कशाला सांगू? तीन दिवस शालनच्या घरात पडून होते. तिच्या मागांचा खडखडाट रात्रभर, पण मला जाग होती ती त्यानं न्हाय. चैत्रापासनं पहिल्यांदाच झोप गेली बघ."

"आत या."

"येते. आधी हे धर." तिनं पिशवी पुढं केली. "नव्वद हाय. येताना बँकेतनं काढले."

अरुणानं पिशवी घेतली न्हाय. घ्यायला हात पुढं केला, पण हातात पुरचुंडी होती, आणि ती कुठं ठेवावी ते तिला सुचंना. तेवढ्यात सर पेपर घेऊन बाहेर आले. त्यांनी पिशवीत डोकावलं.

"हे कसले पैसे?"

"पैऱ्याचे," अरुणा म्हणाली, आणि सगळं सांगितलं. डोंगर, पायरी, चाळीस.

सर खुर्चीत बसले. पेपरच्या कोऱ्या कडेवर पेन चालवायला लागले. एकदा वरनं खाली, एकदा खालनं वर. बाळाबाई उंबऱ्यावर टेकली. बराच वेळ झाला. सरांना चूक सापडली न्हाय.

"बरोबर हाय," ते शेवटी म्हणाले. मग चष्मा काढून बायकोकडं बघितलं. "पण डॉलर छत्तीस झाला असता तर? बँकेनं तेवढेच कमी दिले असते. बाळाबाईला द्यायला तू चाळीस हजार कुठनं आणणार होतीस?"

बाळाबाईनं मान वर केली न्हाय. ती उंबऱ्यावरचा एक खिळा बोटानं चाचपत होती.

अरुणानं पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली. रुमालाच्या कोपऱ्याला चिठ्ठी टाचलीती. बाळाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून सरांनी वाकून वाचली. अरुणाचंच अक्षर. वर चैत्रातली तारीख. खाली एकच ओळ. ह्यातल्या दोन पाटल्या बाळाबाई आक्काच्या.

"मला काय झालंबिलं तर पोरांना कळावं म्हणून," अरुणा म्हणाली.

बाळाबाईनं रुमालावरनं हात फिरवला, चामड्याचा कस बघतात तसा. मग पुरचुंडी उचलून अरुणाच्या हातात दिली आणि तिच्या दुसऱ्या हातात पिशवी कोंबली.

"चहा ठेव," ती म्हणाली. "तीन दिवस शालनकडं पाण्यासारखा चहा पिऊन जीव गेला."

आत माळ्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. आदिती बॅग खाली काढत होती. ती जड होती म्हणून सर धावले, आणि दोघांच्या हातातनं सुटून ती धाडदिशी पडली. चहाचं आधण उकळेस्तोवर सगळी हसत होती, कशाला ते कुणालाच सांगता आलं नसतं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला फी गेली. जानेवारीत आदितीबी गेली, पायात बाळाबाईनं शिवलेली चप्पल घालून, तिथल्या बर्फात. पाडव्याला परत दोघींनी पैरा केला, अठ्ठेचाळीसवर.

आता आण घेतलीया तर एक सांगून टाकते. तो स्टँपपेपर मी पदरचा घातला. जोतीराम न्हाय, भडंगवाला न्हाय, अंगठा न्हाय, सही न्हाय. पायरीवर बोलणं झालं, बाळाबाईनं उठताना पदरानं तो गुलालातला चाळीसचा आकडा पुसला, आणि दोघी वडापात बसून घरला आल्या. एवढंच झालतं. पण तसं सांगितलं की ऐकणारे म्हणतात, काय म्हातारी थापा मारत्या.